श्रीकृष्ण वेलिणकर

लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर (मृत्यू : ३० जून १९१८, फ्रान्स) हे पहिल्या महायुद्धात लढलेले मुंबईचे वैमानिक होते. ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये आणि पुढे रॉयल एअर फोर्समध्ये अधिकारपद मिळवून पश्चिम आघाडीवर लढाऊ विमान चालविणाऱ्या मोजक्या भारतीयांपैकी ते एक. २७ जून १९१८ रोजी गस्तीच्या उड्डाणावर असताना ते बेपत्ता झाले आणि तीन दिवसांनी शत्रूच्या ताब्यात असतानाच त्यांचे निधन झाले. फ्रान्सच्या सोम विभागातील हांगार या खेड्याजवळच्या युद्ध-दफनभूमीत त्यांची समाधी आहे. विशीतच प्राणाला मुकलेल्या या तरुणाची स्मृती मुंबईपेक्षा फ्रान्समधील त्या शिळेनेच अधिक जपली आहे.

नावाचे लेखन

वेलिणकर हे आडनाव इंग्रजी कागदपत्रांत निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले आढळते. त्यामुळे मराठीतही ‘वेलिणकर’, ‘वेलिंकर’ व ‘वेलिंगकर’ अशी रूपे प्रचारात आहेत. युद्धकाळात हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा उरला नाही. जर्मनांनी त्यांच्या दफनाची नोंद केली, तेव्हा हे अपरिचित आडनाव विकृत रूपात उतरले गेले आणि युद्धानंतर त्यांच्या थडग्याची ओळख पटविण्यात अडचण आली.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) सुमारे १३ लाख भारतीय लढवय्ये आणि बिनलढाऊ सेवक समुद्रापार गेले. त्यांपैकी सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. महाराष्ट्रातून गेलेल्यांत मराठा पलटणींचा वाटा मोठा होता. १०३ वी, ११० वी व ११७ वी या मराठा पलटणी मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करल्यावर त्यांतील अनेकजण तुर्कांच्या कैदेत मृत्यू पावले.

हे सैनिक बहुतांशी शेतकरी कुटुंबांतून आलेले होते. त्यांना शिपाई, नाईक, हवालदार अशा पायऱ्या चढून फार तर सुभेदार-मेजरपर्यंत जाता येई. राजाची सनद असलेले अधिकारपद, म्हणजेच ‘किंग्ज कमिशन’, लढाऊ पलटणींत भारतीयांना मिळत नसे. अनेक वर्षे सेवा केलेला सुभेदारही विलायतेहून नुकत्याच आलेल्या कोवळ्या सेकंड लेफ्टनंटच्या हुकुमाखाली राही. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी आपली प्रसिद्ध घोषणा केली. त्याच सुमारास नऊ भारतीयांना असे अधिकारपद देण्यात आले आणि पुढे सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा राखण्यात आल्या. वेलिणकर यांचा वैमानिक दलातील प्रवेश या संक्रमणकाळातला आहे, आणि त्याचे महत्त्व त्या संदर्भातच ध्यानात येते.

शिक्षण

वेलिणकर मूळचे मुंबईचे. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले व केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. त्या काळी मुंबई-पुण्यातील सुशिक्षित व सुस्थित घराण्यांतील मुले बॅरिस्टर होण्यासाठी, सनदी सेवेच्या परीक्षेसाठी किंवा विद्यापीठीय पदवीसाठी विलायतेस जात. युद्ध सुरू झाले, तेव्हा अशा विद्यार्थ्यांचे ब्रिटिश सहाध्यायी सैन्यात अधिकारी म्हणून भरती होऊ लागले. एकाच वर्गात बसलेल्या, एकाच मैदानावर खेळलेल्या भारतीय तरुणांना मात्र ती वाट मोकळी नव्हती. बहुतेकांना रुग्णवाहिका-पथकांत किंवा इस्पितळांत काम करण्याचा पर्याय सुचविला जाई.

वैमानिक दलात प्रवेश

रॉयल फ्लाइंग कोअर हे ब्रिटिश लष्कराचे हवाई दल. त्यात अधिकारी होण्यासाठी उमेदवार युरोपीय वंशाचा असावा, असा दंडक पाळला जात असे. १९१६-१७ मध्ये पश्चिम आघाडीवर वैमानिकांची प्रचंड हानी झाली आणि हा दंडक सैल करणे भाग पडले.

या बाबतीत हरदित सिंग मलिक यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ऑक्सफर्डचे पदवीधर असलेल्या मलिक यांना प्रथम नकार मिळाला. मग त्यांनी फ्रेंच हवाई दलात जाण्याची तयारी चालविली. हे कळताच ऑक्सफर्डमधील त्यांच्या शिक्षकांनी जनरल डेव्हिड हेंडरसन यांना पत्र लिहिले. ब्रिटिश प्रजाजनाला ब्रिटिश दलाने नाकारावे आणि फ्रेंचांनी स्वीकारावे, ही गोष्ट लाजिरवाणी आहे, असा त्या पत्राचा आशय होता. त्यानंतर एप्रिल १९१७ मध्ये मलिक यांना प्रवेश मिळाला.

वेलिणकर यांच्याही वाट्याला हाच अनुभव आला. इंग्लंडमध्ये त्यांनी खाजगीरीत्या विमानविद्येचे शिक्षण घेतले होते. तरीही त्यांना आरंभी वैमानिकाऐवजी विमानदुरुस्ती करणाऱ्या कारागिराची जागा देऊ करण्यात आली. अखेर त्यांना अधिकारी म्हणून स्वीकारण्यात आले व प्रशिक्षणानंतर ते लढाऊ वैमानिक झाले. अशा रीतीने मलिक, वेलिणकर, इंद्रलाल रॉय आणि एरल सेन हे चार भारतीय पश्चिम आघाडीवरील हवाई युद्धात उतरले.

२३ क्रमांकाचे स्क्वॉड्रन

१ एप्रिल १९१८ रोजी रॉयल फ्लाइंग कोअर आणि नौदलाची हवाई शाखा यांचे एकत्रीकरण होऊन रॉयल एअर फोर्स अस्तित्वात आले. वेलिणकर या नव्या दलाच्या २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये होते. हे स्क्वॉड्रन आधी फ्रेंच बनावटीची स्पॅड विमाने वापरीत असे. १९१८ च्या वसंत ऋतूत त्याला सॉपविथ डॉल्फिन ही नवी विमाने मिळाली. फ्रान्समध्ये डॉल्फिन वापरणारी स्क्वॉड्रने चारच होती : १९, २३, ७९ व ८७.

डॉल्फिन हे एकआसनी, दुपंखी विमान होते. त्याची रचना चमत्कारिक होती. सर्वसाधारण दुपंखी विमानात वरचा पंख खालच्या पंखाच्या थोडा पुढे असतो. डॉल्फिनमध्ये तो मागे होता. वरच्या पंखाच्या मधोमध उघडी चौकट होती आणि वैमानिकाचे डोके तिच्यातून वर निघे. त्यामुळे वरच्या बाजूचे आकाश विनाअडथळा दिसे. वरून झडप घालणाऱ्या शत्रूपासून बचाव करण्यासाठी ही सोय मोलाची होती. परंतु उतरताना विमान नाकावर आपटून उलटले, तर वैमानिकाच्या डोक्यावर सगळा भार येण्याचा धोका असे. या कारणाने अनेकांना आरंभी हे विमान आवडत नसे. उंचावर मात्र ते चपळ होते आणि दोन किंवा अधिक मशीनगनने सज्ज होते.

त्या काळी ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्री दिली जात नसे. ती केवळ निरीक्षण-फुग्यांतील माणसांना मिळे. विमान पेटले किंवा मोडले, तर ते कसेबसे जमिनीवर उतरविणे एवढाच उपाय वैमानिकापाशी असे.

शेवटचे उड्डाण व मृत्यू

२१ मार्च १९१८ रोजी जर्मन सैन्याने सोम भागात मोठी चढाई सुरू केली आणि ते आमियां शहराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपले. एप्रिलच्या अखेरीस व्हिलेर-ब्रेतोनो येथे ही चढाई थोपविण्यात आली. मे आणि जून महिन्यांत जमिनीवरील आघाडी काहीशी स्थिर होती, पण आकाशात शांतता नव्हती. दोन्ही बाजू एकमेकांच्या हालचाली टिपण्यासाठी टेहळणी विमाने पाठवीत आणि लढाऊ विमानांच्या तुकड्या त्यांना अडविण्यासाठी शत्रूच्या हद्दीत खोलवर गस्त घालीत. ब्रिटिश धोरण आक्रमक असल्याने बहुतेक चकमकी जर्मन प्रदेशावर होत. जखमी झालेला ब्रिटिश वैमानिक त्यामुळे बहुधा शत्रूच्याच हाती पडे. शिवाय या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो. बिघडलेले विमान घेऊन वाऱ्याच्या विरुद्ध स्वतःच्या हद्दीत परतणे कठीण होई.

२७ जून १९१८ रोजी वेलिणकर अशाच एका गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. त्यांची नोंद ‘बेपत्ता’ अशी झाली. प्रत्यक्षात ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले होते. ३० जून १९१८ रोजी त्यांचे निधन झाले. युद्धविरामास तेव्हा साडेचार महिनेही उरले नव्हते.

‘बेपत्ता’ हा शब्द त्या काळातील कुटुंबांसाठी मृत्यूच्या वार्तेहूनही जड असे. तारेने किंवा टपालाने आलेल्या या शब्दानंतर घरच्यांना आशा सोडता येत नसे आणि धरताही येत नसे. शत्रूच्या कैदेत असलेल्यांची नावे जीनिव्हाच्या रेडक्रॉसमार्फत कळविली जात. परंतु नाव चुकीचे लिहिले गेले, तर ही साखळी तुटे. वेलिणकर यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. युद्ध संपल्यावर चौकशी होऊन मगच त्यांच्या थडग्याचा उलगडा झाला.

दफन व समाधी

हांगार हे आमियां शहराच्या आग्नेयेस ल्यूस नदीकाठी वसलेले लहानसे खेडे आहे. एप्रिल १९१८ मध्ये ब्रिटिश, फ्रेंच व जर्मन सैन्यांत या गावासाठी झुंज झाली. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियांची लढाई सुरू झाली, तेव्हा कॅनडाच्या सैन्याने येथूनच चढाई केली. गावच्या दफनभूमीला लागून तेव्हा सैनिकांसाठी वेगळा भाग काढण्यात आला आणि युद्धविरामानंतर आसपासच्या रणभूमीवर विखुरलेल्या थडग्यांतील अवशेष तेथे आणून पुरण्यात आले. हा भाग ‘हांगार कम्युनल सेमेटरी एक्स्टेन्शन’ या नावाने ओळखला जातो. वेलिणकर यांची समाधी येथे आहे.

हिंदू सैनिकाचे दफन होणे ही गोष्ट मराठी वाचकाला खटकण्याजोगी वाटते. जेथे शक्य होते तेथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी भारतीय सैनिकांच्या धर्मविधींची काळजी घेतली होती. इंग्लंडमधील ब्रायटन येथील इस्पितळांत मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांवर शहराबाहेरील टेकडीवर अग्निसंस्कार करण्यात आले आणि त्या जागी उभारलेल्या संगमरवरी ‘छत्री’चे अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी झाले. शत्रूच्या ताब्यात मरण आलेल्या वैमानिकाच्या बाबतीत अशी व्यवस्था संभवत नव्हती. जर्मनांनी त्यांना आपल्या रीतीप्रमाणे पुरले. युद्धानंतर समाधीची व्यवस्था इंपिरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आली. त्यांच्या घराण्यातल्या पिढ्यांना अग्नीचा संस्कार लाभला होता. या मुलाला मात्र सोमची पांढरट, चुनखडीची माती लाभली.

समाधिलेख

इंपिरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची स्थापना २१ मे १९१७ रोजी झाली. (आज ही संस्था कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने ओळखली जाते.) तिने सुरुवातीपासून दोन तत्त्वे ठरविली. पहिले, मृतदेह मायदेशी नेले जाणार नाहीत. सैनिक जेथे पडला, त्याच भूमीत त्याची समाधी राहील. श्रीमंतांच्या मुलांचे देह परत यावेत आणि गरिबांचे तेथेच राहावेत, असा भेद होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. दुसरे, अधिकारी असो वा साधा शिपाई, सर्वांची समाधिशिळा एकाच आकाराची असेल. उभ्या केलेल्या त्या शिळांची उंची सुमारे ८१ सेंटिमीटर असते.

या एकसारख्या शिळांवर कुटुंबाला स्वतःचे म्हणून एवढेच करता येई : तळाशी एक वाक्य कोरून घेणे. त्यासाठी जास्तीत जास्त ६६ अक्षरांची मर्यादा होती आणि शब्दांमधील मोकळ्या जागाही त्यात मोजल्या जात. आरंभी प्रत्येक अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारण्याचे ठरले होते. पुढे ही रक्कम ऐच्छिक करण्यात आली. या मर्यादेत कोणी बायबलमधील वचन लिहिले, कोणी मुलाचे घरगुती नाव.

वेलिणकर यांच्या समाधीवरील इंग्रजी लेखाचा आशय असा : साम्राज्याच्या सर्वांत शूर सुपुत्रांपैकी एकाच्या सन्मान्य स्मृतीस. आजच्या वाचकाला यातील ‘साम्राज्य’ हा शब्द अडखळायला लावतो. परंतु त्याच साम्राज्याने या तरुणाला प्रथम कारागिराची जागा देऊ केली होती, हे लक्षात घेतले, तर या वाक्याला वेगळा अर्थ येतो. जो दर्जा जिवंतपणी मागून मिळवावा लागला, तो कायमच्या दगडावर, निःसंदिग्ध शब्दांत नोंदवून ठेवला गेला.

समकालीन मुंबई

वेलिणकर फ्रान्सच्या आकाशात लढत होते, त्याच दिवसांत मुंबईत भारतीयांच्या लष्करी अधिकारपदाचा प्रश्न ऐरणीवर आला होता. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी टाउन हॉलमध्ये युद्धपरिषद भरविली. तेथे लोकमान्य टिळकांनी युद्धसाहाय्याचा प्रश्न स्वराज्याच्या मागणीशी जोडताच गव्हर्नरांनी त्यांना अडविले आणि टिळक सभात्याग करून बाहेर पडले. १६ जून रोजी गिरगावातील शांतारामाच्या चाळीत या घटनेच्या निषेधार्थ मोठी सभा झाली. तिच्या अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. वेलिणकर यांचे शेवटचे उड्डाण या सभेनंतर अकराव्या दिवशी झाले.

सैन्यभरतीला टिळकांचा सरसकट विरोध नव्हता. भारतीयांना सैन्यात अधिकारपदे मिळतील असे आश्वासन सरकारकडून मिळाल्यास आपण महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देऊ, असे त्यांनी गांधीजींना कळविले होते आणि हमी म्हणून ५० हजार रुपयांचा धनादेशही पाठविला होता. समान धोका पत्करणाऱ्याला समान दर्जा मिळाला पाहिजे, ही टिळकांची भूमिका होती. वेलिणकर यांच्या चरित्रातून तीच मागणी एका व्यक्तीच्या रूपाने समोर येते.

मुंबई शहरावरही युद्धाची छाया होती. मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका आणि फ्रान्सकडे जाणारी सैन्ये मुंबई बंदरातून निघत आणि जखमींना घेऊन येणारी जहाजे येथेच लागत. नुकत्याच बांधून झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) इमारतीत लष्करी इस्पितळ उघडण्यात आले होते. संग्रहालय म्हणून तिचे उद्घाटन १९२२ मध्ये झाले.

समकालीन भारतीय वैमानिक

इंद्रलाल रॉय (जन्म : २ डिसेंबर १८९८, कलकत्ता) यांनी ४० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये असताना जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा हवाई विजय मिळविले. २२ जुलै १९१८ रोजी, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. फ्रान्समधील एस्तव्हेल येथील त्यांच्या समाधीवर बंगाली भाषेतील लेख आहे. १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. एरल सेन सप्टेंबर १९१७ मध्ये पाडाव होऊन युद्धकैदी झाले व युद्धानंतर सुटले. हरदित सिंग मलिक जखमी होऊनही वाचले आणि स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. चौघांपैकी दोघांच्या समाध्या फ्रान्समध्ये आहेत : रॉय आणि वेलिणकर.

युद्ध संपल्यावर ही वाट पुन्हा बंद झाली. भारतीय तरुणांना वैमानिक अधिकारी होण्याची संधी पुढे भारतीय हवाई दलाच्या निमित्ताने मिळाली. या दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि पहिल्या स्क्वॉड्रनचे काम १ एप्रिल १९३३ रोजी कराची येथे सुरू झाले. वेलिणकर यांच्या मृत्यूला तोवर जवळजवळ पंधरा वर्षे झाली होती.

स्मृती

मुंबईच्या सार्वजनिक जीवनात वेलिणकर यांचे नाव फारसे परिचित नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्यांची आठवण मागे पडणे स्वाभाविक होते. त्यांच्या खात्यावर रॉय यांच्याप्रमाणे विजयांची यादी नव्हती, पदक नव्हते आणि त्यांचा मृत्यूही रणभूमीवर सर्वांदेखत न होता शत्रूच्या कैदेत झाला. महायुद्धाच्या शताब्दीच्या काळात (२०१४-२०१८) भारतीय सैनिकांच्या सहभागावर पुन्हा लिहिले जाऊ लागले. त्यातून चार भारतीय वैमानिकांपैकी एक म्हणून त्यांचा उल्लेख पुन्हा होऊ लागला.

वेलिणकर यांना निदान स्वतःच्या नावाची शिळा आहे. अनेक मराठी सैनिकांना तीही लाभली नाही. मुंबईतील मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये ‘बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल’ आहे. समुद्राखेरीज दुसरी समाधी नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे ते स्मारक आहे. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथील स्मारक (अनावरण : ७ ऑक्टोबर १९२७) थडगे न सापडलेल्या सुमारे ४,७०० भारतीयांसाठी आहे. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले, माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचेही नाव थडग्यावर नसून कासिनो येथील स्मारकावर आहे.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एक कबुली दिली. पहिल्या महायुद्धातील किमान ४५ हजार ते ५४ हजार मृतांचे, त्यांत मुख्यतः भारतीय व आफ्रिकी, स्मरण इतरांच्या बरोबरीने झालेले नव्हते. युरोपात मरण पावलेल्यांच्या बाबतीत समानतेचे तत्त्व बहुधा पाळले गेले. मेसोपोटेमिया आणि पूर्व आफ्रिकेत ते अनेकदा मोडले गेले. हांगार येथील वेलिणकर यांची समाधी कॅनेडियन आणि ब्रिटिश सैनिकांच्या ओळीत, त्यांच्याच आकाराच्या शिळेची आहे. मुंबईच्या एका मुलाला मिळालेली ही बरोबरी त्याच्या हजारो देशबांधवांच्या वाट्याला आली नाही, हे ध्यानात ठेवूनच तिच्याकडे पाहावे लागते.

समाधीची व्यवस्था आजही कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आहे. आमियांहून रस्त्याने हांगारला जाता येते आणि मृत सैनिकांच्या नोंदी कमिशनच्या संकेतस्थळावर नावानिशी पाहता येतात. शोध घेताना आडनावाची वेगवेगळी इंग्रजी रूपे तपासावी लागतात.